न्यायाची दिरंगाई आणि बापाचा वाटा

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं, ती उच्चारणारा मनुष्य शहाणा आहे कीं नुसता भित्रा आहे, याचा विचार कोणी करीत नाहीं. ज्या बापाचें मूल दुसऱ्या घरीं वाढत आहे आणि त्या घराचें दार ज्याला उघडत नाहीं, त्यानें कोणती पायरी चढावी हें ती म्हण सांगत नाहीं. त्याला कोर्टाची पायरी चढावीच लागते. आणि चढल्यानंतर आमच्या मराठवाड्यांत त्याला जो शब्द सर्वांत अधिक वेळां ऐकावा लागतो तो ‘न्याय’ हा नव्हे, ‘पेशी’ हा होय. निजामाचें राज्य १९४८ सालीं गेलें, त्याची दरबारी उर्दूहि गेली. परंतु पेशी, मिसल, वकालतनामा हे शब्द मागें राहिले, आणि त्यांच्याबरोबर ‘आज नाहीं, पुढच्या पेशीला’ हें वाक्यहि राहिलें.

मध्यंतरीं एका व्याख्यानमालेंत या विषयावर एका वक्त्यांचें भाषण ऐकण्याचा योग आला. कायदे स्त्रियांच्या बाजूचे, न्यायालयें दिरंगाईचीं, आणि बाप बिचारा असहाय, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. सभागृहांत टाळ्या पडल्या. कित्येकांचे डोळेहि पाणावले. मला मात्र त्या टाळ्यांत सामील होतां आलें नाहीं. वक्त्यांचें दुःख खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. त्यांचें निदान अर्धें होतें, आणि अर्ध्या निदानावर घेतलेलें औषध रोग्याला बरें तर करीत नाहींच, उलट आपण उपचार करीत आहों अशा समजुतींत त्याला ठेवतें. बापांच्या दाव्यांना होणारी दिरंगाई खरी आहे. परंतु ती आकाशांतून पडत नाहीं. ती कोणाच्या तरी हातून, एकेका तारखेला, एकेका अर्जानें घडत असते. आणि त्या हातांत पुष्कळदां बापाचा स्वतःचा हात असतो. हें माझें विधान आहे, आणि कोणाला तें कडू लागलें तरी मला तें सिद्ध करावयाचें आहे.

प्रथम या दिरंगाईचें स्वरूप पाहूं. आपल्याकडे जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि त्यांची आपल्याला इतकी संवय झाली आहे कीं, सर्वच दाव्यांना आपण तेंच कालमान लावतों. परंतु शेताचा दावा वीस वर्षें चालला तरी शेत जागेवर असतें. बांध सरकला असेल तर मोजणी करून तो पुन्हां बसवितां येतो. मूल जागेवर राहत नाहीं. तीन वर्षांच्या मुलाविषयीं केलेल्या अर्जाचा निकाल तें नऊ वर्षांचें झाल्यावर लागला, तर ज्या मुलाविषयीं निकाल मागितला होता तें मूल त्या वेळीं जगांत कोठेंच नसतें. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमानें पांच वर्षें पुरीं न झालेलें मूल सामान्यतः आईजवळ असावें असें सांगितलें आहे. म्हणजे मुलाच्या वयाचें एकेक वर्ष या कायद्याच्या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचें सतरावें कलम, मूल समजूतदार झालें असेल तर त्याच्या पसंतीचा विचार करण्याची न्यायालयाला मुभा देतें. आतां ज्या मुलानें सहा वर्षें बापाला पाहिलेलेंच नाहीं, त्याला ‘तुला कोणाजवळ राहावयाचें आहे?’ असें विचारणें म्हणजे उत्तर आधीं लिहून देऊन मग प्रश्न विचारणें होय.

हें केवळ माझें तर्कट नव्हे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें १९८७ सालीं इंग्लंडांतून आलेल्या एका प्रकरणांत हेंच सांगितलें कीं, मुलांच्या बाबतींत कार्यवाहीच्या विलंबानेंच मूळ प्रश्नाचा निकाल लागून जाण्याचा धोका असतो. दोनच वर्षांनीं, १९८९ च्या मुलांविषयींच्या कायद्यांत, विलंब हा सामान्यतः मुलाच्या हिताला बाधक होय हें तत्त्व इंग्लंडनें पहिल्याच कलमांत घातलें. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें २०१७ सालीं निकालांत निघालेलें एक प्रकरण तर याहून बोलकें आहे. तेथें मुलगी पावणेदोन वर्षांची असतांना आईपासून तुटली आणि बापाकडे वाढली. निकालाच्या वेळीं ती आठ वर्षांची होती व साहजिकच बापाला बिलगलेली होती. न्यायालयानें हें ओळखलें कीं, मुलीची ही ओढ त्या मधल्या वर्षांनींच घडविलेली आहे. आणि मुलीचा ताबा आईला देणारा उच्च न्यायालयाचा हुकूम कायम केला. येथें विलंबाचा लाभ बापाला होत होता, आईला नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. विलंब हा स्त्रियांचा कैवारी नाहीं आणि पुरुषांचाहि नाहीं. मूल ज्याच्या घरीं असेल त्याची तो चाकरी करतो.

मग आपल्या कायद्याला ही गोष्ट कळलेली नाहीं काय? कळलेली आहे. १९७६ सालीं हिंदु विवाह कायद्यांत २१-ब हें कलम घालण्यांत आलें. दाव्याचें काम शक्य तोंवर रोजच्या रोज चालवावें, आणि प्रतिपक्षाला नोटीस पोंचल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तें पुरें करण्याचा प्रयत्न करावा, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाला २००१ सालीं जोड देऊन, दावा चालू असतां मुलांच्या पालनपोषणाचा व शिक्षणाचा खर्च मागणारा अर्ज नोटीस पोंचल्यापासून शक्यतों ६० दिवसांत निकालांत काढावा, असें सांगितलें. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशांत, २००२ सालीं अमलांत आलेल्या दुरुस्तीनें, सुनावणीच्या काळांत एका पक्षाला तीनपेक्षां अधिक तहकुब्या देऊं नयेत असा नियम आला. आणि वकील दुसऱ्या कोर्टांत गुंतला आहे ही तहकुबीची सबब नव्हे, हें तर त्याच्याहि आधींपासून तेथें आहे. १९८४ चा कौटुंबिक न्यायालयांचा कायदा तर समेट आणि शीघ्र निपटारा या दोनच हेतूंनीं झाला. त्याच्या तेराव्या कलमानें वकिलामार्फत काम चालविणें हा पक्षकाराचा हक्क म्हणून ठेवला नाहीं. उद्देश हा कीं, नवराबायकोनें आपलें म्हणणें आपल्या तोंडानें सांगावें. पुण्याला व मुंबईला १९८९ सालीं सुरू झालेलीं हीं न्यायालयें आज नांदेड-लातूरलाहि आहेत. उणीव आहे ती एके ठिकाणीं: मुलाच्या ताब्यासाठीं बाप ज्या कायद्याखालीं बहुधा स्वतंत्र अर्ज करतो, त्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्यांत निकालाची मुदत कोठेंच घातलेली नाहीं. परंतु त्याच्याहि बाराव्या कलमाखालीं मधल्या काळापुरता हुकूम मागतां येतो. एवंच, कायदा मुका नाहीं. मग त्याचें बोलणें कोणी ऐकत कसें नाहीं?

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचें गांव सांगत नाहीं आणि न्यायालयहि सांगत नाहीं. कारण येथें मला कोणावर ठपका ठेवावयाचा नाहीं, आणि ठेवावयाचाच झाला तर तो प्रथम माझ्यावर येतो. त्याची पत्नी चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरीं गेली, तेव्हां तो माझ्याकडे सल्ला विचारावयास आला. मीं त्याला म्हटलें, “घाई करूं नकोस. चार-सहा महिने जाऊं दे. ती आपण होऊन वळणावर येईल.” त्यानें विचारलें, “सर, पण मुलीला भेटायचें कसें?” मीं उत्तर दिलें, “मूल कोठें पळून जातें का?” त्याच्या पत्नीचें काय म्हणणें आहे हें मीं विचारलें नाहीं, विचारावें असें मला सुचलेंहि नाहीं.

सहा महिन्यांचें वर्ष झालें, वर्षाचीं दोन झालीं. मग त्यानें अर्ज केला. त्या अर्जाला पांच वर्षें होत आलीं तेव्हां तो पुन्हां माझ्याकडे आला आणि व्याख्यानमालेंतील त्या वक्त्यांप्रमाणेंच बोलूं लागला. मीं त्याला रोजनाम्याची नक्कल काढून आणावयास सांगितली. प्रत्येक तारखेला काय झालें याची जी नोंद न्यायालय ठेवतें तिला रोजनामा म्हणतात. एका रविवारीं माझ्या घरीं बसून आम्हीं ती नक्कल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. एकूण २९ तारखा पडल्या होत्या. त्यांपैकीं ७ प्रतिपक्षानें मागून घेतल्या होत्या. ५ तारखांना न्यायाधीश रजेवर होते किंवा त्यांची बदली झाली होती. ३ तारखांना वकिलांचें कामबंद होतें. ५ तारखांना खरोखर कांहीं काम झालें होतें. उरलेल्या ९ तारखा आमच्या बाजूनें मागितलेल्या होत्या! कधीं आमचे वकील खंडपीठापुढें गेले होते, कधीं पगाराचीं कागदपत्रें आणलीं नव्हतीं, कधीं उलटतपासणीची तयारी नव्हती. आणि एकदां तर अर्जदार स्वतःच मित्राच्या लग्नाला गेला होता. “सर, हें मला ठाऊकच नव्हतें,” तो म्हणाला. परंतु त्या नऊंपैकीं बहुतेक तारखांना तो कोर्टांत हजर होता. आपल्या नांवानें आज काय मागितलें जात आहे, हें त्यानें वकिलाला विचारलेंच नव्हतें. दोन तारखांमध्यें सरासरी दोन महिने धरले तर नऊ तारखांचें दीड वर्ष होतें. मुलीच्या बालपणाचें दीड वर्ष आम्हीं आमच्या हातानें देऊन टाकलें होतें, आणि पहिलीं दोन माझ्या सल्ल्यानें गेलीं तीं वेगळीं.

त्या रविवारनंतर मीं या प्रकारचीं आणखी कांहीं प्रकरणें समजून घेतलीं, कांहीं निकाल वाचले, आणि बापांच्या हातून होणारे दोष मला ठळकपणें दिसूं लागले. पहिला दोष पोटगीचा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयांत २०१३ सालीं एका पत्नीनें स्वतःसाठीं व तान्ह्या मुलासाठीं अंतरिम पोटगी मागितली. हुकूम २०१५ सालीं झाला. पति उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. तेथील काम २०१८ सालीं संपलें. मग तो सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. तेथें निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजीं लागला. जें मूल २०१३ सालीं पाळण्यांत होतें तें शाळेंत जाऊं लागलें, आणि प्रश्न होता तो अखेरच्या नव्हे, अंतरिम पोटगीचा! त्याच निकालांत सर्वोच्च न्यायालयानें साऱ्या देशासाठीं नियम घालून दिले. उभय पक्षांनीं उत्पन्न, मालमत्ता व देणीं यांचें शपथपत्र द्यावें. प्रतिपक्षानें आपलें उत्तर फार तर चार आठवड्यांत द्यावें. त्यासाठीं दोहोंपेक्षां अधिक संधि देऊं नयेत. आणि शपथपत्रें आल्यापासून चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकालांत काढावा. पुष्कळ बाप हा निकाल शत्रूचें हत्यार समजतात. वस्तुतः ती त्यांच्याच हातांतली किल्ली आहे. जो बाप आपला पगार, आपली शेती आणि आपलें कर्ज पहिल्याच महिन्यांत खरेपणानें कागदावर मांडतो, तो तहकुबीचें एक मोठें निमित्त आपण होऊन नाहींसें करतो. जो पगार लपवितो, त्याला मुलाच्या भेटीची घाई आहे यावर न्यायाधीशानें विश्वास कां ठेवावा?

दुसरा दोष खटल्यांच्या पेरणीचा. एका घरांतून घटस्फोटाचा दावा, नांदावयास येण्याचा दावा, ताब्याचा अर्ज आणि अब्रूनुकसानीची फिर्याद निघते. तिकडून पोटगीचा अर्ज, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील अर्ज आणि फौजदारी तक्रार येते. मग प्रत्येक खटला दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहत बसतो. एकाचीं कागदपत्रें दुसऱ्यांत हवीं असतात. एकाची तारीख दुसऱ्याच्या तारखेवर आदळते. पत्नीनें केलेला अर्ज थांबविणें बापाच्या हातीं नाहीं. परंतु केवळ चिडून, तिला शह देण्यासाठीं केलेला आपला प्रत्येक खटला मुलाच्या भेटीला कांहीं महिने मागें लोटतो, हा हिशेब त्याला करतां येण्यासारखा आहे.

तिसरा दोष भाषेचा. चाळीस पानांचा अर्ज मीं पाहिला आहे. त्यांत अडतीस पानें आईच्या निंदेचीं आणि दोन पानें मुलाचीं. जो आरोप कराल त्याला कैफियतींत नकार येणार. नकार आला कीं मुद्दा निघणार. मुद्दा निघाला कीं साक्षीदार आले. साक्षीदार आले कीं उलटतपासणी आली. म्हणजे रागाच्या भरांत लिहिलेलें एकेक वाक्य एकेक तारीख खाऊन टाकतें. शिवाय कौटुंबिक न्यायालयाला नवव्या कलमाप्रमाणें समेटाचा प्रयत्न करावयाचा असतो. समुपदेशकापुढें ज्या बाईशीं उद्यां बोलावयाचें आहे, तिच्याविषयीं आज असें लिहून ठेवलेलें असतें कीं, बोलण्याला जागाच उरत नाहीं.

चौथा आणि माझ्या मतें सर्वांत घातक दोष म्हणजे ‘सगळें किंवा कांहींच नाहीं’ ही वृत्ति. बापाला पुरा ताबा पाहिजे असतो. आठवड्यांतून दोन तासांची भेट मागणें त्याला मानहानीचें वाटतें. ताब्याचा निकाल शेवटीं लागावयाचा. तोंवर तो भेट मागतच नाहीं, आणि शेवटीं त्याच्या हातीं ताबाहि येत नाहीं, कारण मूल त्याला ओळखेनासें झालेलें असतें. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालींच एका प्रकरणांत सांगितलें आहे कीं, आईबाप दोघांचेंहि प्रेम मिळणें हा मुलाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाहीं त्याला भेटीबरोबरच चित्रदर्शी फोनवरूनहि मुलाशीं बोलतां यावें. हें मागावयास वर्ष लागत नाहीं. परंतु मागणी नेमकी पाहिजे: वार कोणता, वेळ कोणती, जागा कोणती, मुलाला आणणार कोण. ‘योग्य ती भेट मिळावी’ असें मोघम लिहिलें तर मोघम उत्तर मिळतें. उन्हाळ्याच्या सुटीचेंच पाहा. मुलाच्या शाळेला मे महिन्यांत सुटी असते, आणि न्यायालयांनाहि त्याच महिन्यांत सुटी असते. सुटींतल्या भेटीचा अर्ज एप्रिलाच्या शेवटीं करणारा बाप तो जूनमध्यें निकामी झालेला पाहतो व दैवाला दोष देतो. तोच अर्ज त्यानें जानेवारींत कां केला नाहीं?

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी नोकरदार बापांविषयीं बोलत आहें. सर्व बाप नोकरदार नसतात. मूल लातूरला राहत असेल तर नांदेडच्या बापाला १८९० च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणें लातूरलाच अर्ज करावा लागतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत बसनें तेथें जावयाचें, दुपारीं ‘पुढची तारीख’ ऐकावयाची, आणि रात्रीं परत यावयाचें. यांत मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडीला जाणारा बाप तर दिवाळीच्या सुमारास घर सोडतो तो उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीं. त्याच्या गैरहजेरीला निष्काळजीपणा म्हणणें निर्दयपणाचें होईल. अशांसाठीं १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरणांच्या कायद्यानें मोफत वकिलाची सोय केलेली आहे आणि ती तालुक्यापर्यंत पोंचलेली आहे. तिची माहिती त्यांना देणें हें आमच्यासारख्या शिकलेल्यांचें काम आहे. २०२० च्या साथींत न्यायालयांनीं पडद्यावरून सुनावण्या घेतल्या. जी गोष्ट साथींत शक्य झाली ती ऊसतोड्या बापासाठीं अशक्य कां मानावी?

आतां न्यायालयें व सरकार यांच्याकडे वळतों. कारण बापाचा वाटा सांगितला म्हणून त्यांचा वाटा माफ होत नाहीं. आमच्या हिशेबांतल्या २९ पैकीं ८ तारखा न्यायाधीशाच्या अभावीं किंवा वकिलांच्या कामबंदमुळें गेल्या, हें मी विसरलों नाहीं. वकिलांना संपाचा हक्क नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालींच स्पष्ट केलें आहे. तरी कामबंद होतो, आणि त्या दिवशीं भेटीची आशा धरून आलेलें मूलहि परत जातें. विधि आयोगानें २०१५ च्या मे महिन्यांत २५७ वा अहवाल देऊन पालकत्वाच्या कायद्यांत सुधारणा सुचविल्या. आई व बाप यांना समान स्थान द्यावें आणि संयुक्त ताब्याची सोय करावी असें त्यांत म्हटलें. त्यालाहि आतां वर्षें लोटलीं. माझी मागणी त्याहून लहान आहे. १८९० च्या कायद्यांत एक वाक्य घाला: मुलाच्या भेटीचा अंतरिम अर्ज ६० दिवसांत निकालांत निघावा. पैशाच्या अर्जाला जी मुदत दिली ती मायेच्या अर्जाला देण्यास अडचण कोणती?

साधनें नाहींत असें मला कोणी सांगूं नये. २०१६ च्या एप्रिलांत लातूरच्या विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें. पहिल्याच गाडीनें सुमारें पांच लाख लिटर आलें. लातूरकरांना कोणी ‘पुढच्या पेशीला या’ असें सांगितलें नाहीं. तहान तहकूब करतां येत नाहीं हें त्या वेळीं साऱ्या सरकारला पटलें होतें. आणि एकदां पटल्यावर तीनशेंहून अधिक किलोमीटरांचा लोहमार्ग, डबे, टाक्या, माणसें, सर्व कांहीं सांपडलें.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो मी टाळणार नाहीं. कित्येक भगिनी म्हणतील कीं, बापाची ही घाई म्हणजे पैसेवाल्यानें निर्धन बाईला घाईघाईनें चिरडण्याची नवी युक्ति आहे. आणि जो बाप घरांत हात उगारीत होता त्याला भेट तरी कशाला? हा आक्षेप पोकळ नाहीं. इंग्लंडांत १८३९ पर्यंत मुलांवर बापाचा हक्क जवळजवळ अनिर्बंध होता, आणि कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेला आपल्या मुलांच्या भेटीसाठीं लेखणी हातीं घेऊन तो कायदा बदलून घ्यावा लागला. आज बाप ज्या दाराबाहेर उभा आहे त्या दाराबाहेर शतकानुशतकें आई उभी होती. परंतु यावरून निष्कर्ष काय निघतो? मारहाण झाली असेल तर तिची चौकशी पांच वर्षें लांबविण्यांत आईचें हित आहे, असें कोण म्हणेल? जलद चौकशी ही निरपराध बापाचें जितकें रक्षण करते तितकेंच छळ झालेल्या आईचें करते. विलंबाचा खरा आश्रय फक्त दोघांनाच असतो: खोटा आरोप करणाऱ्याला आणि खरा अपराध करणाऱ्याला. १९५६ च्या कायद्याचें तेरावें कलम मुलाचें हित सर्वांत वर ठेवतें. आईचा हक्क व बापाचा हक्क हे दोन्ही त्याच्या खालीं आहेत. मी बापाचा कैवार घेऊन उभा नाहीं. मी वेळेचा कैवार घेऊन उभा आहें, कारण वेळ ही एकट्या मुलाचीच मालमत्ता आहे आणि तिचा खर्च मात्र बाकीचे सर्वजण करतात.

त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें हें सांगून लेखणी ठेवतों. त्या रविवारनंतर त्यानें अब्रूनुकसानीची फिर्याद काढून घेतली. थकलेली पोटगी भरली, आणि उत्पन्नाचें शपथपत्र न मागतां दाखल केलें. मग दोन पानांचा एक अर्ज दिला: महिन्यांतून दोन शनिवार, दुपारीं तीन ते सहा, मुलीच्या गांवच्या वाचनालयांत, तिच्या आजोबांच्या देखत. आपल्या बाजूनें तारीख मागावयाची नाहीं असें त्यानें वकिलाला लिहून दिलें, आणि प्रतिपक्षानें तारीख मागितली तर आपली हरकत रोजनाम्यांत नोंदवावी असें सांगितलें. तिसऱ्या तारखेला समुपदेशकांच्या खोलींत त्याच्या पत्नीनें तो अर्ज वाचला आणि त्याला एकच प्रश्न विचारला: “इतकेंच हवें होतें, तर पांच वर्षें काय करीत होतां?” त्याच दुपारीं दोघांच्या सहीची पुरसिस दाखल झाली.

पहिल्या शनिवारीं तो भेटून आला तो थेट माझ्याकडे आला. मुलगी आतां अकरा वर्षांची होती. ती भ्याली नाहीं, रडली नाहीं, रागावलीहि नाहीं. आजोबांनीं शिकविलें असेल तशी ती समोर येऊन उभी राहिली आणि तिनें विचारलें, “आपल्याला पाणी आणूं का?” पाहुण्याला विचारावें तसें तिनें विचारलें. तें सांगतांना तो थांबला. मलाहि बोलावयास कांहीं सुचेना, कारण सात वर्षांपूर्वीं याच खोलींत बसून मीं त्याला विचारलें होतें कीं, मूल कोठें पळून जातें का.

जातें. म्हणून ज्या बापांच्या हातीं हा लेख पडेल त्यांना माझें इतकेंच सांगणें आहे कीं, व्याख्यानाला टाळ्या वाजविण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या रोजनाम्याची नक्कल काढून आणावी, आणि त्यांतल्या किती तारखा आपल्या नांवावर आहेत त्या मोजाव्या.